गुलाबकाकी कुणावर रुसली होती

परवा वाडीतल्या एका लग्नात नवऱ्याची आत्या रुसली. हळद लावायला तिला आधी बोलावलं नाही, एवढंच कारण. ती मांडवामागे माडाच्या आळ्याजवळ खुर्ची ओढून पाठ करून बसली आणि इकडे पंगत थांबली. दोन-तीन बायका समजूत काढायला गेल्या आणि तिला आणखी चिडवून परत आल्या. तेव्हा मांडवातला एक म्हातारा सवयीनं बोलून गेला, "अरे, गुलाबाक बोलवा." मग त्याच्याच लक्षात आलं आणि तो खाली बघत बसला. आत्या शेवटी आपली आपणच आली, पण पानावरून मान वर केली नाही.

घरी आल्यावर मला काकीशिवाय दुसरं काही सुचेना, म्हणून हे लिहायला घेतलं. मला लिहायची सवय नाही, शाळा चौथीत सुटली. पण काकीच्या आणि आमच्या घरामध्ये कमरेएवढा चिऱ्यांचा गडगाच काय तो होता. वाडीत तिच्याबद्दल काय काय बोललं गेलं ते मी ऐकलं आहे, आणि गडग्यापलीकडे काय झालं तेही पाहिलं आहे.

आचऱ्याच्या अलीकडे आमची वाडी. आमच्याकडे लग्न असो, बारसं असो की चवथ, कुणीतरी रुसायचंच. कुणाला नारळ आधी दिला, कुणाच्या ओटीला साडी हलकी घातली, कुणाला फोनवरून बोलावलं आणि कुणाच्या दारात जाऊन. रुसलेलं माणूस उठल्याशिवाय पुढचं काम होत नाही. आणि रुसलेल्याला उठवायला गुलाबकाकी. तिला आमंत्रण द्यायला येणारे हसत हसत सांगायचे की काकी, तू आदल्या दिवशीच ये, आमच्याकडे रुसणारे फार आहेत.

काकी उंच, हाडापेरानं मोठी. येताना चपला वाजवत यायची. शेताच्या पलीकडून ती हाक मारायची तर रस्त्यावरची एसटी थांबायची. सगळ्यांना तिनं ठेवलेली नावं असत. मी पाय न वाजवता येते म्हणून मला 'मनी' म्हणायची. मी चार माणसांत बोलत नाही याचा तिला फार राग नव्हता, उलट सोय वाटायची. म्हणायची, "तुज्याकडे बोललेला पोटात रवता गो मने, हयल्या बाकीच्यांच्या पोटाक भोका आसत."

समजूत काढायची तिची रीत मी पुष्कळदा जवळून पाहिली, कारण मदतीला म्हणून ती मलाच बरोबर घ्यायची. ती रुसलेल्या माणसाला कारण कधी विचारत नसे. कारण विचारलं की माणूस ते सांगत बसतं आणि सांगता सांगता राग पुन्हा पहिल्यासारखा ताजा होतो, असं तिचं म्हणणं. ती समोरही बसत नसे, बाजूला बसायची. हातात काहीतरी काम असायचं. आडाळो आणि नारळाची वाटी घेऊन जायची आणि शेजारी बसून खोबरं खवायला लागायची. थोड्या वेळानं रुसलेल्या बाईच्या हातात दुसरी वाटी द्यायची. बोलणं चालू, पण सगळं दुसरंच. गुडघा कसा दुखतो, कोंबडी कुठे अंडी घालते सापडत नाही, असं.

आमच्या चुलत दिराच्या लग्नात नवऱ्याचा मामा वऱ्हाडाच्या बसमधून उतरेचना. उतरताना त्याला हात द्यायला कुणी पुढे आलं नाही, हा त्याचा अपमान. ड्रायव्हरसुद्धा विनवून थकला. काकी केळीच्या पानांचा ढीग घेऊन बसमध्ये चढली आणि त्याच्या बाजूच्या सीटवर बसून फडक्यानं एक एक पान पुसायला लागली. खिडकीतून ऊन येत होतं. थोड्या वेळानं तिनं पुसलेली पानं त्याच्या मांडीवर ठेवायला सुरुवात केली, दुसरीकडे जागा नाही म्हणून. मांडीवर ढीग झाला तेव्हा म्हणाली, "मामा, येवडी पानां तेवडी पंगतीत ठेवन येशात? माजो गुडघो काय चलना नाय." मामा पानं घेऊन उतरला. पंगतीत गेल्यावर कुणीतरी त्याच्या हातात भाताचं तपेलं दिलं आणि तो वाढतच सुटला. आपली समजूत कुणी काढलीच नाही, हे त्याच्या लक्षात आलं तेव्हा तो दुसऱ्यांदा वडे घेत होता.

हे सगळं ती नवऱ्याकडून शिकली असं सांगायची. काका मी पाहिले ते फक्त रुसलेलेच. आमटी पातळ झाली तरी रुसायचे आणि घट्ट झाली तरी. ते गेल्यावर काकी म्हणाली होती की आता घरात रुसायला कोणी नाही, हात रिकामे झाले. मग तिचा मुलगा नंदू, जो मासळीचा टेंपो चालवतो, त्याचं लग्न झालं आणि तळेऱ्याकडची दर्शना घरात आली.

दर्शना आतल्या गावातली. बांगडा ओळखायची, पण कोलंबी सोलताना नाक मुरडायची. काकीनं तिला महिनाभर मासळीला हात लावू दिला नाही. नुसतं बाजूला बसवून, आपण साफ करता करता, कुठल्या मासळीचं काय करायचं ते सांगत राहिली. पुढे दर्शनाच्या हातचं बांगड्याचं तिखलं खायला नंदूचे मित्र मुद्दाम थांबायला लागले. सासू-सुना दिवसभर एकमेकींशी भांडल्यासारख्या मोठ्यानं बोलत, आणि कुणी तिसरी त्यांत शिरली की दोघी मिळून तिला गप्प करत. मंगल, काकीची मुलगी, आंबोलीला दिलेली. ती माहेरी आली की म्हणायची, आये, मी तुजी चेडू की ही? काकी म्हणायची, "तू पावण्यांची. ही माजी."

काकी बदलायला लागली ती कधी, हे मला नीट सांगता येणार नाही. आधी आवाज गेला. म्हणजे बसला नाही, लहान झाला. मग चपलांचा आवाज येईनासा झाला, त्याऐवजी घासल्याचा येऊ लागला. नाक गेलं. पूर्वी ती रस्त्यावरून चालता चालता कुणाच्या घरात काय शिजतंय ते सांगायची. एकदा चुलीवर दूध करपत होतं आणि ती बाजूलाच बसली होती. दर्शना धावत आली, तर काकीनं तिच्याकडे नुसतं पाहिलं. असं पाहिलं की दर्शनाला वाटलं, दूध आपणच करपवलं.

चेहरा मात्र सगळ्यांच्या लक्षात आला. डोळे क्वचित मिटायचे आणि ओठ जागचे हलायचे नाहीत. एखादं माणूस फार रागावलं की होतो तसा तो चेहरा. आणि आमच्याकडे तसा चेहरा दिसला की कुणी दुसरा विचारच करत नाही.

त्या उन्हाळ्यात एका लग्नात नवरीची मावशी रुसली होती. काकीला बोलावणं गेलं. ती आली, सावकाश मावशीच्या बाजूला बसली. हातात काही काम नव्हतं. बोललीही नाही. नुसती मावशीकडे बघत राहिली. मावशीनं एकदा तिच्याकडे पाहिलं, दुसऱ्यांदा पाहिलं आणि लगबगीनं उठून पंगतीत जाऊन बसली. मांडवात हशा पिकला. काकीनं नवीन रीत काढली म्हणून सगळे बोलत होते. काकी मात्र मावशी उठून गेल्यावरही तिथेच, त्याच खुर्चीवर, तशीच बसून होती. शेवटी दर्शना जाऊन तिला घेऊन आली.

चवथीला फुगडीच्या वेळी काकी भिंतीला टेकून बसली, टाळीसुद्धा वाजवली नाही. बायका बोलवायला गेल्या तर, "नको गो," एवढंच. दुसऱ्या दिवसापर्यंत वाडीभर झालं की गुलाबकाकी रुसली.

आता प्रश्न असा पडला की कुणावर. सगळ्या गावाची समजूत काढणारी बाई रुसली तर तिची समजूत कोण काढणार? ती उगीच रुसायची नाही, म्हणजे गुन्हा मोठा असणार. ज्याच्या त्याच्या मनात काहीतरी होतंच. वाडीतली बेबी पहिली आली. काकीची कोंबडी तिच्या गवताच्या उडवीत अंडी घालत होती आणि बेबीनं ती सगळा उन्हाळा खाल्ली होती. तिनं ते सांगितलं आणि पाया पडली. काकी तिच्याकडे तशीच बघत राहिली. मग बेबीनं मागच्या वर्षीचे नीरफणसही कबूल केले. मागच्या घरातले दामूअण्णा आले आणि खाली बघून म्हणाले की मागचा गडगा रचताना तो आपल्याकडून थोडा तुमच्या बाजूला सरकला, तो मागे घेतो. एक नातेवाईक आला तो तर रडलाच. काकांच्या बाराव्याला त्यानं पोटदुखीचं निमित्त सांगितलं होतं आणि खरं म्हणजे तो नाटक बघायला गेला होता.

काकी जितकी गप्प, तितकी माणसं जास्त कबूल करत होती. पडवीत केळीचे घड, कोंबडा, एक नवी साडी असं जमत गेलं. मी आणि दर्शना आत तोंडाला पदर लावून हसायचो. तेव्हा हसू येत होतं.

पण सगळे आपापलं सांगून गेले तरी काकीचा चेहरा बदलला नाही. म्हणजे आपल्यापैकी कुणी नाही, असं वाडीनं ठरवलं. मग उरली दर्शना.

विहिरीवर तिला विचारायला लागले. सरळ कुणी विचारायचं नाही. काकी जेवता मां बरी, असं एखादी म्हणायची आणि दुसरीकडे बघायची. मंगल दिवाळीला आंबोलीहून आली ती तयारीनंच. आईला बघून रडली आणि सुनेला म्हणाली, "माजी आवस अशी नव्हती. तिका काय केलंस तां तूच सांग." नंदू मध्ये पडला नाही. त्यालाही खरं काय ते माहीत नव्हतं. दर्शनानं त्याच दिवशी ठरवलं. जूनपासून आपल्या लहान मुलीला माहेरी, तळेऱ्याच्या शाळेत घालायचं आणि तिकडेच राहायचं. नंदूनं हवं तर टेंपो तिकडून चालवावा.

तिनं एकदा धीर करून काकीला सरळ विचारलंही होतं. मी गडग्याच्या अलीकडे वाल वेचत होते, मला ऐकू आलं. "आई, तुमी माज्यार रागावल्यात?" काकीनं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "भात लाव."

दर्शना मला म्हणाली, "माका दुसरा काय नको. एकदा त्यांनी आपल्या तोंडान सांगाक व्हया, की मी तुज्यार रागावलंय नाय. मगे वाडी काय्येक बोलांदे." मी तिच्या हातावर हात ठेवला.

थंडीत काकी न्हाणीच्या दारात पडली. उंबऱ्यापाशी आली की तिचे पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे, आणि वरचं अंग मात्र पुढे जायचं. हाड मोडलं नाही, पण तिला कुडाळला दाखवायला नेलं आणि तिथून मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवलं. मंगल होती, दर्शना होती, आणि काकी माझा हात सोडेना म्हणून मी. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले.

डॉक्टर बाई वयानं लहान होत्या. त्यांनी काकीला बोटं उघडमीट करायला लावली, चालायला लावलं, मनगट वळवून बघितलं. मग समोर बसून म्हणाल्या, "आजी, जरा हसून दाखवा."

काकी तशीच बघत राहिली.

"हसा ना. मोठ्यानं हसा."

काकीचा आवाज अगदी बारीक आला. "हसतंय मां."

मंगलनं हातातली पिशवी खाली ठेवली. डॉक्टरांनी काकीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि मग आम्हाला समजावलं. आजाराचं नाव त्यांनी पार्किन्सन सांगितलं. यात सगळ्यांचे हात थरथरतात असं नाही. अंग आखडतं तसा चेहराही आखडतो. आतून हसतं माणूस, बाहेर येत नाही. आणि आणखी एक सांगितलं, जे मला नीट लक्षात राहिलं. या आजारात मनही हलायचं थांबतं. उठावंसं वाटत नाही, बोलावंसं वाटत नाही, आवडीचं काही नको वाटतं. थरथरणारा हात लोकांना दिसतो, हे दिसत नाही, म्हणून घरातल्यांना वाटतं की माणूस मुद्दाम करतंय.

येताना मी सगळा रस्ता एकच विचार करत होते. बेबी अंड्यांचं सांगत होती तेव्हा काकी हसत होती. तो नातेवाईक नाटकाचं कबूल करून रडला तेव्हा तर ती पोट धरून हसली असणार, आत.

मंगलनं दर्शनाची माफी मागितली नाही. पण आंबोलीहून मधाची बाटली पाठवली आणि ती दर्शनाच्या नावानं पाठवली. वाडीचं मात्र तेवढ्यानं भागलं नाही. आता आजाराला नाव मिळालं, तर आजार कशानं झाला ते हवं. मनस्तापानं झाला असं ठरलं, आणि मनस्ताप कुणी दिला ते आधीच ठरलेलं होतं. दर्शना मला म्हणाली की आजार आहे ते कळलं, पण आत काय आहे ते डॉक्टरांना तरी कुठे दिसतं. जूनचा बेत तिनं बदलला नाही. मुलीचा दाखला काढायला नंदूला सांगून ठेवलं.

औषधानं काकी हलायला लागली. गोळी घेतली की थोड्या वेळानं पाय सुटायचे, आपली आपण अंगणात यायची, मला गडग्यावरून 'मने' म्हणून हाक मारायची. आवाज पूर्वीचा नव्हता, पण हाक होती. वाटलं, आता बरं होईल. मग फाल्गुनात एका दुपारी काकी दर्शनाला म्हणाली, "ती बाई कवापासून उन्हात बसल्या. तिका आत बोलव."

अंगणात कुणी नव्हतं.

काकीला ती बाई बहुतेक रोज दिसायची. गडग्याच्या कोपऱ्यात, पाठ करून, हिरवी साडी नेसलेली. काकीला तिची भीती वाटत नव्हती. ती म्हणायची, रुसल्या बिचारी. आणि तिच्याजवळ जाऊन बसायची. आडाळो दर्शनानं लपवला, कारण हात आता भरवशाचा नव्हता, तेव्हा काकी सुपात कुळीथ घेऊन जायची आणि बाजूला बसून निवडायची. दोन मुठी त्या बाईसमोरही ठेवायची. ते कुळीथ मग कोंबड्या खायच्या.

वाडीला हे कळायला वेळ लागला नाही. कुणीतरी घरातली गेलेली बाई आहे, तिच्या नावानं पितृपक्षातला म्हाळ घालायचा राहिला, असं निघालं. मंगल देवळात कौल लावायला निघाली. घराण्यातल्या गेलेल्या बायकांची नावं आठवायची सुरुवात झाली, आणि हिरव्या साडीची म्हणजे सवाशीण गेलेली, म्हणून त्यांतल्या सवाशिणी वेगळ्या काढल्या. काकीला एक एक नाव सांगून विचारलं. ती शेवटी कंटाळून म्हणाली, "आपली नाय गो ती. आपली आसती तर येव्हाना उठली आसती."

डॉक्टरांना फोन केला तर त्या म्हणाल्या की भूत नाही, म्हाळ नाही. या आजारात आणि या औषधांनी असं दिसू शकतं, पुढच्या खेपेला घेऊन या, गोळी कमी करून बघू. मात्र गोळी कमी केली की पाय पुन्हा आखडतील, तेही सांगितलं.

त्या खेपेच्या आधीची गोष्ट. मे महिना सरत आला होता. दर्शनाचं सामान बांधून पलंगाखाली ठेवलेलं. दुपारी आम्ही दोघी पडवीत कोकमं फोडत होतो. काकी कोपऱ्यात त्या बाईजवळ बसली होती, आमच्याकडे पाठ. गोळी चांगली लागली होती, आवाज स्पष्ट येत होता. आधी नेहमीसारखंच, गुडघ्याचं, पावसाचं. मग जरा थांबून म्हणाली,

"रुसलंस तां बस, तुका कोणी ऊठ म्हणूक नाय. पण माज्या सुनेर कित्याक राग धरलंस? तिना तुजा काय केल्यान?"

दर्शनाचे हात थांबले.

"एक दिस उपाशी ठेवल्यान नाय माका. न्हाणयता, जेवयता, वर वाडीचा बोलणा ऐकता. माज्या मनात काय आसा तां तिका सांगूक जातंय, आणि तोंडातसून भात लाव म्हणान भायर येता. तां काय तिका समाजता? समाजना नाय. रडता ती भितूर, माका ऐकाक येता. तिच्यार रागावन बसलंस तर मगे तू हंयसून जा. माका तुजी समजूत काढूची नाय."

आणि काकीनं सूप उचललं, त्या बाईसमोरचे कुळीथही परत भरून घेतले, आणि तिच्याकडे पाठ फिरवून बसली.

दर्शनाचे हात कोकमाच्या रसानं लाल झालेले, तिला डोळे पुसता येईनात. मी माझा पदर पुढे केला. बराच वेळ तो तिनं तोंडावरून काढला नाही. मग उठली, हात धुतले, आणि आत जाऊन भात लावला.

डॉक्टरांकडे गेल्यावर या वेळी तीच आधी बोलली. म्हणाली, त्या बाईचा आईंना त्रास नाही, उलट तिच्यासाठी म्हणून त्या उठतात, अंगणात जातात, बोलतात. ती बाई गेली आणि पायही गेले तर आईंजवळ राहील काय? मंगलला ते पटत नव्हतं, लोक आईला वेडी म्हणतील असं ती म्हणाली. दर्शना म्हणाली, "लोकांनी माका काय काय म्हटल्यानी, मी जगलंय मां?" डॉक्टरांनी काकीला पुष्कळ प्रश्न विचारले, ती बाई अंगावर येते का, काही करायला सांगते का. काकी म्हणाली, नाय, खूप मानी आसा. मग डॉक्टरांनी संध्याकाळची गोळी थोडी कमी केली, सकाळची तशीच ठेवली. भीती वाटायला लागली तर लगेच कळवा, म्हणाल्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दर्शनाची मुलगी आमच्याच शाळेत गेली. नवं दप्तर होतं, छत्री जुनीच. विहिरीवर बेबीनं विचारलं, काय गो, तळेऱ्याक जातलंस म्हणत होतंस? दर्शना घागर भरता भरता म्हणाली, "आईंची समजूत घालूक रोज एक माणूस लागता. तू येतंस काय, म्हणजे मी जातंय." बेबी आली नाही, पण त्यानंतर तिनं विचारलंही नाही.

काकीचं पुढे बरं झालं नाही, हा आजार तसा बरा होणारा नव्हेच. काही दिवस चांगले जायचे, काही दिवस ती भिंतीकडे बघत बसायची आणि कशालाच 'हो' म्हणायची नाही. काही दिवस ती रडायची आणि कशासाठी ते तिलाही सांगता यायचं नाही. दर्शना त्या दिवसांत काही विचारायची नाही. बाजूला बसून आपलं काम करत राहायची. घराबाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, दोघी एकमेकींशी बोलत नाहीत.

पुढच्या वर्षी माझ्या मुलीच्या बाळंतपणाला मी देवगडला गेले आणि बरीच राहिले. काकी त्याच काळात गेली, मला यायला जमलं नाही. म्हणून मी निघाले त्या सकाळी तिला पाहिलं तेवढंच शेवटचं.

तेव्हा काकीला स्वतःहून उठता येत नव्हतं. पडवीत खुर्चीवर बसवलेली, मांडीवर पेजेची वाटी. मी पिशवी घेऊन गडग्याशी थांबले, निघते म्हणून सांगायला. दर्शना अंगणाच्या कोपऱ्यात उभी होती. भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून बोलत होती, "उठा आता, बाये. पेज निवता. आई तुमच्यासाठी खोळंबल्यात. तुमी जेवल्याशिवाय त्या तोंडात घास घेवच्या नाय, आणि माका भांडी घासूची आसत."

काकी खुर्चीवरून बघत होती. चेहरा तोच, दगडासारखा. पण आता मला तो वाचता येत होता. मी हाक मारणार होते, इतक्यात तिचे ओठ हलले.

"अगो, थंय खंय बगतंस? ती हय बसल्या. पायरेर."

दर्शना वळली. पायरीकडे तोंड केलं, पदर सावरला, आणि पुन्हा पहिल्यापासून बोलायला लागली.